जॉन फॉन न्यूमन

जॉन फॉन न्यूमन (जन्म : २८ डिसेंबर १९०३, बुडापेस्ट, मृत्यू : ८ फेब्रुवारी १९५७, वॉशिंग्टन) हे हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ होते. संच सिद्धांत, पुंजयामिकी, अर्थशास्त्र, संगणकशास्त्र, हवामानाचा अंदाज आणि अण्वस्त्रनिर्मिती अशा एकमेकांपासून दूर वाटणाऱ्या क्षेत्रांत त्यांनी मूलभूत स्वरूपाचे काम केले. गेम थिअरी या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या खेळ सिद्धांताचे ते जनक मानले जातात. बेभरवशाच्या घटकांपासून भरवशाचे यंत्र कसे घडवावे, या प्रश्नाचे पहिले सविस्तर गणिती उत्तरही त्यांनीच दिले. हे दोन विचार त्यांच्या हयातीत वेगवेगळे राहिले. हजारो संगणकांवर विभागलेल्या आजच्या सेवा किती विश्वासार्ह आहेत हे ठरवताना मात्र दोहोंचा आधार घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राबरोबर या दोन विचारांचा मागोवा विशेषत्वाने घेतला आहे.

बालपण आणि शालेय शिक्षण

न्यूमन यांचे मूळ हंगेरियन नाव नॉयमान यानोश लायोश. हंगेरियन प्रथेनुसार आडनाव आधी येते. घरी त्यांना यान्ची म्हणत. अमेरिकेत गेल्यावर त्याचे जॉनी झाले. वडील मिक्शा हे बुडापेस्टमधील सधन ज्यू बँकर होते. आईचे नाव मार्गिट. तीन भावंडांत यानोश थोरले. १९१३ साली वडिलांना सरदारकीचा किताब मिळाला आणि त्यातूनच पुढे जर्मन पद्धतीचे ‘फॉन’ हे उपपद नावाला जोडले गेले.

मुलाची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशेब करण्याचा वेग विलक्षण होता. गणिताइतकीच इतिहासाची गोडी त्यांना लहानपणी लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. अनेक खंडांचा जगाचा इतिहास त्यांनी शाळकरी वयातच वाचून काढला होता. १९१४ साली ते बुडापेस्टच्या प्रसिद्ध लुथेरन विद्यालयात दाखल झाले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर त्याच शाळेत त्यांच्या एक वर्ष पुढे होते. शाळेचे गणित शिक्षक लास्लो राट्स यांचे नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. या विद्यार्थ्याला वर्गातील गणित पुरणारे नाही हे त्यांनी लवकरच ओळखले. त्यांनी मुलाला वरच्या वर्गात ढकलले नाही, की आपल्याच शिकवणीत अडकवून ठेवले नाही. त्यांनी वडिलांची भेट घेऊन विद्यापीठातील गणितज्ञांकडून वेगळे मार्गदर्शन मिळेल अशी व्यवस्था करवली. गाबोर सेगो हे त्या मार्गदर्शकांपैकी एक. बाकीचे विषय मुलगा आपल्या वयाच्या मुलांबरोबरच शिकत राहिला. शिक्षकाच्या अशा निगर्वी निर्णयाचे मोल चरित्रग्रंथांत एखाद्या ओळीत उरकले जाते, पण ते मोठे आहे. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, १९२२ साली, न्यूमन यांचा पहिला संशोधनलेख मिहाय फेकेटे यांच्यासह प्रसिद्ध झाला.

याच वर्षांत हंगेरी अस्थिर झाली होती. १९१९ साली बेला कुन यांची साम्यवादी राजवट काही महिने टिकली. तेव्हा न्यूमन कुटुंबाने देश सोडून ऑस्ट्रियाचा आश्रय घेतला. ती राजवट कोसळल्यावर सुडाचे राजकारण सुरू झाले आणि १९२० मध्ये विद्यापीठांतील ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर कायद्याने मर्यादा आली. एका रात्रीत नियम बदलू शकतात आणि भरवशाची वाटणारी व्यवस्था ढासळू शकते, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले.

उच्च शिक्षण

गणितावर पोट भरत नाही, असे वडिलांचे मत होते. तडजोड म्हणून मुलाने रसायन अभियांत्रिकीही शिकावी असे ठरले. त्यानुसार बर्लिनमध्ये आणि नंतर झुरिकच्या तंत्रविद्यापीठात त्यांनी रसायनाचा अभ्यास केला, आणि त्याच काळात बुडापेस्ट विद्यापीठात गणितासाठी नाव नोंदवले. बुडापेस्टला ते मुख्यत्वे परीक्षेपुरते येत. १९२६ साली झुरिकची अभियांत्रिकी पदवी आणि बुडापेस्टची गणितातील डॉक्टरेट ही दोन्ही त्यांच्या हाती होती. प्रबंधाचा विषय संच सिद्धांताची स्वयंसिद्धके हा होता.

त्यानंतर ते गटिंगेन येथे डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे गेले. पुंजयामिकीला काटेकोर गणिती पाया देण्याचे काम तेथे सुरू झाले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. बर्लिन आणि हॅम्बुर्ग येथे त्यांनी अध्यापनही केले.

खेळांचा सिद्धांत

७ डिसेंबर १९२६ रोजी गटिंगेनच्या गणित मंडळापुढे न्यूमन यांनी बैठ्या खेळांवर एक निबंध वाचला. तो १९२८ साली छापला गेला. विषय वरवर पाहता करमणुकीचा होता, पण प्रश्न गंभीर होता. आपल्या हिताविरुद्ध वागणारा आणि आपल्याइतकाच हुशार असा प्रतिस्पर्धी समोर असताना शहाणपणाची खेळी कोणती?

आपल्याकडील मुलांचा एकी-बेकीचा खेळ घेतला तर मुद्दा लवकर ध्यानात येतो. एक जण मुठीत चिंचोके धरतो, दुसरा ते एकी की बेकी हे ओळखतो. नेहमी एकी धरणारा मुलगा लवकरच हरतो. एकाआड एक एकी आणि बेकी धरणाराही हरतो, कारण त्याची रीत समोरच्याला कळते. न हरण्याचा खात्रीचा मार्ग एकच : नाणे उडवून ठरवल्यासारखे दोन्ही सारख्या प्रमाणात, पण कोणत्याही रीतीविना धरणे. मग समोरचा कितीही चतुर असला, तरी दीर्घकाळात निम्म्याहून अधिक वेळा जिंकू शकत नाही. अशा यादृच्छिक खेळीला मिश्र डावपेच म्हणतात.

न्यूमन यांनी सिद्ध केले, की दोन खेळाडूंच्या ज्या खेळात एकाचा लाभ म्हणजे दुसऱ्याची तेवढीच हानी असते, आणि ज्यात खेळ्यांची संख्या सांत असते, अशा प्रत्येक खेळाला एक निश्चित मूल्य असते. आपला डावपेच उघड झाला तरी पहिला खेळाडू तेवढे मूल्य हमखास राखू शकतो आणि दुसरा त्याला त्याहून अधिक मिळू देत नाही. याला लघुतम-महत्तम किंवा मिनिमॅक्स प्रमेय म्हणतात. फ्रेंच गणितज्ञ एमिल बोरेल यांनी मिश्र डावपेचांचा विचार काही वर्षे आधीच मांडला होता, मात्र सर्वसाधारण सिद्धता त्यांनी दिली नव्हती. यादृच्छिकता ही अज्ञानाची खूण नसून संरक्षणाचे साधन होऊ शकते, ही या प्रमेयाची खरी देणगी होय.

अमेरिकेतील वास्तव्य

१९३० साली न्यूमन प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापनासाठी गेले. १९३३ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या नव्या संस्थेत त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. आइन्स्टाइनही त्या संस्थेच्या पहिल्या प्राध्यापकांपैकी होते. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि न्यूमन यांनी तेथील पदे सोडली. १९३७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्यांचा पहिला विवाह मारिएट कोवेशी यांच्याशी १९३० मध्ये झाला. १९३५ साली जन्मलेली मरीना ही त्यांची एकुलती एक कन्या. हा विवाह टिकला नाही. १९३८ मध्ये त्यांनी क्लारा दान यांच्याशी विवाह केला. क्लारा यांनी पुढे एनिॲक या संगणकासाठी आज्ञावल्या लिहिल्या; जगातील आरंभीच्या प्रोग्रॅमरांत त्यांची गणना होते.

न्यूमन गणितज्ञांच्या रूढ प्रतिमेत बसणारे नव्हते. व्यवस्थित सूट, मोठ्या मेजवान्या, विनोदांचा साठा आणि मोटार चालवण्याची बेफिकीर पद्धत यांसाठी ते प्रसिद्ध होते. गोंगाटात त्यांना काम अधिक चांगले सुचे.

भारतीय अभ्यासकांशी त्यांचा थोडा संबंध आला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासह त्यांनी ताऱ्यांच्या यादृच्छिक वितरणामुळे निर्माण होणाऱ्या गुरुत्वीय क्षेत्रावर १९४२ आणि १९४३ मध्ये दोन लेख लिहिले. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी १९४९ साली सुमारे दोन महिने प्रिन्स्टनच्या संस्थेत होते. तेथे ज्यांच्याशी त्यांच्या चर्चा झाल्या त्यांत न्यूमन होते.

व्हिएन्नाहून आलेले अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्याशी प्रिन्स्टनमध्ये झालेल्या मैत्रीतून ‘थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेवियर’ हा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९४४ साली निघाला. बाजारातील व्यवहार हा निर्जीव निसर्गाशी चाललेला झगडा नसून परस्परांचा अंदाज घेणाऱ्या माणसांचा खेळ आहे, ही त्याची भूमिका होती. तीन किंवा अधिक खेळाडू असले की ते संगनमत करू शकतात, याचीही चर्चा त्यात विस्ताराने आहे. १९५० साली जॉन नॅश यांनी सर्वांचे हित परस्परविरोधीच असेल असे नाही अशा खेळांसाठी समतोलाची कल्पना मांडली. न्यूमन यांनी तिला फारसे महत्त्व दिले नाही, असे सांगितले जाते. पुढील इतिहास नॅश यांच्या बाजूने गेला.

युद्धकार्य

१९४३ पासून न्यूमन लॉस ॲलॅमॉस येथील अणुबाँब प्रकल्पाचे सल्लागार होते. प्लुटोनियमच्या बाँबमध्ये गोळा सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत दाबला जाणे आवश्यक होते. त्यासाठी लागणाऱ्या स्फोटक भिंगांच्या रचनेत त्यांचा वाटा महत्त्वाचा होता. १६ जुलै १९४५ ची चाचणी आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर टाकलेला बाँब याच प्रकारचा होता. लक्ष्य निवडणाऱ्या समितीतही ते होते. समितीच्या यादीत क्योटो हे प्राचीन शहर होते. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी ते वगळले. या कार्याबद्दल न्यूमन यांनी ओपेनहायमर यांच्यासारखी जाहीर खंत कधी व्यक्त केली नाही. उलट युद्धानंतर सोव्हिएत संघाविरुद्ध ते अत्यंत कठोर भूमिका घेत. त्यांच्या गणिताचे कौतुक करताना चरित्राची ही बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. मात्र १९५४ मध्ये ओपेनहायमर यांच्या निष्ठेची चौकशी झाली, तेव्हा हायड्रोजन बाँबविषयी मतभेद असूनही न्यूमन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली, हेही तितकेच खरे.

संगणक

१९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीनच्या रेल्वे फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन या तरुण लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. फिलाडेल्फियात एनिॲक नावाचे इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र तयार होत असल्याचे त्यांना गोल्डस्टाइन यांच्याकडून कळले आणि न्यूमन त्या कामात ओढले गेले. एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या. नलिका दिव्याप्रमाणे तापत आणि दिव्याप्रमाणेच जात. प्रेस्पर एकर्ट यांनी त्या मुद्दाम कमी दाबावर चालवून त्यांचे आयुष्य वाढवले होते. तरीही दर एक-दोन दिवसांनी एखादी निकामी होई आणि ती शोधून बदलावी लागे.

जून १९४५ मध्ये न्यूमन यांनी एडव्हॅक या पुढील यंत्राच्या आराखड्याचा १०१ पानी मसुदा लिहिला. आज्ञावली आणि माहिती ही दोन्ही एकाच स्मृतीत साठवण्याची कल्पना त्यात सुस्पष्टपणे आली होती. आजही तिला फॉन न्यूमन रचना म्हणतात. मसुद्यावर केवळ न्यूमन यांचेच नाव होते. एकर्ट आणि जॉन मॉचली यांच्यासह झालेल्या चर्चांतून या कल्पना आकाराला आल्या होत्या, त्यामुळे त्या दोघांची नाराजी रास्त होती. श्रेयाचा हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही, आणि एकट्या न्यूमन यांना संगणकाचे जनक म्हणणे अन्यायाचे ठरेल.

प्रिन्स्टनच्या संस्थेत १९४६ पासून न्यूमन यांनी स्वतःचा संगणक बांधायला घेतला. ज्युलियन बिगेलो हे मुख्य अभियंते होते. १९५२ साली त्याचे जाहीर उद्‌घाटन झाले. ४० बिटांचे १,०२४ शब्द एवढीच त्याची स्मृती, म्हणजे आजच्या हिशेबाने पाच किलोबाइट. त्याचे आराखडे मुक्तपणे वाटले गेले आणि अनेक देशांत त्याची भावंडे जन्मली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा पहिला संगणक याच कुळातील. त्याचाही शब्द ४० बिटांचा होता.

बेभरवशाच्या घटकांचे भरवशाचे यंत्र

नलिकांच्या या रोजच्या कटकटीतून न्यूमन यांनी एक तात्त्विक प्रश्न उचलला. सजीव शरीरात असंख्य पेशी चुकतात, मरतात. तरी शरीर थांबत नाही. मानवनिर्मित यंत्र मात्र एका घटकाच्या चुकीने बंद पडते, कारण ती चूक तत्काळ शोधून दुरुस्त करावी अशीच त्याची घडण असते. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका परिषदेत त्यांनी हा भेद मांडला. जानेवारी १९५२ मध्ये कॅलिफोर्निया तंत्र संस्थेत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी त्याचे गणित केले. ही व्याख्याने १९५६ मध्ये क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी यांनी संपादित केलेल्या संग्रहात छापली गेली. चूक हा अपवादात्मक अपघात नसून यंत्राच्या कार्याचाच एक भाग आहे, असे मानूनच आरंभ करावा, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांची पहिली युक्ती बहुमताची. एकच काम तीन घटकांना द्यावे आणि दोघांचे जे उत्तर तेच ग्राह्य मानावे. प्रत्येक घटक शंभरात एकदा चुकत असेल आणि चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर दोन किंवा तीन घटक एकाच वेळी चुकण्याची शक्यता दहा हजारांत सुमारे तीन इतकी खाली येते. परंतु मते मोजणारे यंत्रही बेभरवशाचेच असणार! येथे न्यूमन यांची दृष्टी दिसते. मतमोजणी करणारा घटकही चुकतो असे धरून त्यांनी हिशेब मांडला. तीन घटकांच्या बहुमताच्या पद्धतीत मोजणारा घटक सहात एक किंवा त्याहून अधिक वेळा चुकत असेल, तर कितीही पुनरावृत्ती केली तरी उपयोग होत नाही. त्याहून कमी चुकत असेल तर चुकीला आवर घालता येतो.

दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक तारेऐवजी तारांची जुडी वापरणे आणि जुडीतील बहुसंख्य तारा काय सांगतात ते पाहणे. याची किंमत मोठी होती. दर दोनशे क्रियांत एकदा चुकणाऱ्या २,५०० घटकांचे यंत्र सरासरी आठ तास बिनचूक चालवायचे, तर प्रत्येक जुडीत सुमारे १४,००० तारा लागतील, असे त्यांनी उदाहरणादाखल काढून दाखवले. तेव्हाच्या नलिकांनी असे यंत्र बांधणे अशक्यच होते. तत्त्व मात्र सिद्ध झाले. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न ५ अग्निबाणाच्या मार्गदर्शक संगणकात तिहेरी घटक आणि बहुमत याच पद्धतीने वापरले होते.

अखेरची वर्षे

१९५५ मध्ये न्यूमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. १९५६ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक स्वीकारताना ते चाकांच्या खुर्चीत होते. वॉल्टर रीड रुग्णालयातील अखेरचे महिने क्लेशाचे गेले. ज्या मनावर त्यांनी जन्मभर विसंबून काम केले ते क्षीण होत जाणे त्यांना रोगाहून असह्य झाले, असे निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. वेदनांच्या गुंगीत लष्करी गुपिते ओठांवर येऊ नयेत म्हणून त्यांच्या सेवेला विश्वासातील लष्करी माणसे ठेवली होती. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रिन्स्टन येथे त्यांचे दफन झाले.

येल विद्यापीठासाठी तयार करीत असलेली व्याख्याने ते पूर्ण करू शकले नाहीत. ती ‘द कॉम्प्युटर अँड द ब्रेन’ या नावाने १९५८ मध्ये निघाली. स्वतःची प्रत निर्माण करणाऱ्या यंत्रांवरील त्यांचे लेखन आर्थर बर्क्स यांनी पूर्ण करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले.

वितरित संगणन सेवा आणि विश्वासार्हता

एकच काम जाळ्याने जोडलेल्या अनेक संगणकांत वाटून करणे म्हणजे वितरित संगणन. बँकेचे व्यवहार, ईमेल, रेल्वेचे आरक्षण अशा सेवा आज याच पद्धतीने चालतात. एखादा संगणक बंद पडला तरी सेवा चालू राहावी म्हणून माहितीच्या अनेक प्रती ठेवतात. ही न्यूमन यांचीच १९५२ ची वाट आहे. परंतु त्यांच्या त्या हिशेबात एक गृहीतक होते : घटक चुकतो तो यदृच्छेने, कोणाच्या इच्छेने नव्हे. नलिकेला स्वार्थ नसतो. जाळ्यातील संगणक मात्र कोणाच्या तरी मालकीचा असतो, आणि त्या मालकाला शत्रुत्वाने किंवा केवळ खर्च वाचवण्यासाठी खोटे उत्तर द्यावेसे वाटू शकते. तेथे सरासरी बिघाडाचा आकडा अपुरा पडतो. न्यूमन यांचा दुसरा विचार, म्हणजे खेळ सिद्धांत, येथे उपयोगी येतो.

समजा, एका सेवेची माहिती तीन संगणकांवर आहे. पहिला कोसळल्यास हानी २ एकक, दुसरा किंवा तिसरा कोसळल्यास प्रत्येकी १ एकक. रक्षकाला एका वेळी एकाच संगणकावर पहारा ठेवता येतो; हल्लेखोरही एकाच ठिकाणी हल्ला करतो, आणि पहारा असेल तेथे तो फसतो. रक्षकाने सतत पहिलाच राखला, तर हल्लेखोर दुसऱ्यावर जाऊन १ एकक हानी करतो. तिन्हींवर सारखा वेळ दिला, तर हल्लेखोर पहिल्यावर जातो आणि सरासरी हानी १.३३ होते. मिनिमॅक्सनुसार उत्तर असे येते, की पहिल्यावर ६० टक्के आणि उरलेल्या दोहोंवर २०-२० टक्के वेळ, कोणताही क्रम न ठेवता पहारा द्यावा. मग हल्लेखोर कोठेही गेला तरी सरासरी हानी ०.८ एककच होते. शत्रूला हे प्रमाण आधी कळले तरी त्याचा लाभ वाढत नाही. या सेवेची विश्वासार्हता किती, या प्रश्नाला ०.८ हे उत्तर म्हणजे अंदाज नसून हमी आहे.

स्वार्थी पण वैर नसलेल्या सहभागींचा हिशेब वेगळा असतो. कोणी १० रुपये घेऊन आपले गणन करून देतो. प्रामाणिकपणे करायला त्याला ६ रुपये खर्च येतो, म्हणून त्याला ४ रुपये उरतात. खोटे उत्तर फुकट देता येते. पकडला गेला तर मोबदला नाही आणि २० रुपये दंड. पाचांपैकी एक उत्तर यादृच्छिकपणे तपासले, तर फसवणुकीतूनही त्याला सरासरी ४ रुपयेच मिळतात. तपासणी याहून थोडी वाढवली की प्रामाणिकपणाच फायद्याचा ठरतो. दंड ५० रुपये केला तर दहांत एकाहून थोडी अधिक तपासणी पुरते. हा खेळ एकाच्या हानीइतका दुसऱ्याचा लाभ या प्रकारचा नाही. त्यामुळे येथे न्यूमन यांच्या प्रमेयापेक्षा नॅश यांचा समतोल अधिक उपयोगी पडतो.

हे प्रश्न केवळ कागदावरचे नाहीत. बर्कली येथून १९९९ साली सुरू झालेल्या सेटी ॲट होम प्रकल्पात लक्षावधी लोकांनी परग्रहावरील संदेशांच्या शोधासाठी आपापले घरचे संगणक दिले. केलेल्या कामाचे गुण जाहीर होत, आणि निव्वळ गुणांसाठी काही जणांनी प्रणालीत फेरफार केले. एकच काम अनेकांना देऊन उत्तरे ताडणे हा त्यावरचा उपाय ठरला. तेथे पैशाचा संबंध नव्हता, तरी मोह होताच.

त्याआधी, १९८२ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीस यांनी बायझंटाईन सेनापतींची समस्या मांडली. वेढा घातलेल्या सेनापतींना निरोपांवरून एकमत करायचे आहे, पण त्यांतील काही फितूर आहेत आणि ते प्रत्येकाला वेगळे सांगतात. निरोपावर खोटी न करता येणारी सही नसेल, तर एका फितुरासाठी किमान चार सेनापती लागतात, दोघांसाठी सात. बंद पडणाऱ्या घटकाला तिघांचे बहुमत पुरते. खोटे बोलणाऱ्याला पुरत नाही. २००५ साली अमेरिकन संशोधकांनी पुढे आणलेल्या ‘बार’ या प्रतिमानात सहभागींचे तीन वर्ग केले आहेत : कसेही वागू शकणारे, नियम निःस्वार्थपणे पाळणारे आणि फायदा असेल तरच पाळणारे. सेवेची आखणी अशी करायची, की तिसऱ्या वर्गाला नियम पाळणेच फायद्याचे व्हावे आणि पहिल्या वर्गाची संख्या मर्यादेत असेपर्यंत उत्तर बरोबर यावे.

संगनमताचा प्रश्न मात्र कठीणच राहिला आहे. दोन संगणकांची उत्तरे ताडून पाहायची आणि दोघांचे मालक आधीच एकमेकांना भेटलेले असायचे, तर ताडण्याला अर्थ उरत नाही. म्हणून काम कोणाला दिले हे गुप्त ठेवणे आणि जोड्या यादृच्छिकपणे पाडणे हा प्रचलित उपाय आहे. पण एकच व्यक्ती अनेक खोट्या नावांनी जाळ्यात शिरली, तर हा उपायही लंगडा पडतो. बिटकॉइनसारख्या व्यवस्थांमध्ये नावांऐवजी खर्च केलेली गणनशक्ती मोजतात, त्यामागील कारण हेच आहे.